नव्या राजपुत्रांचे शिक्षण

अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ मुलांस सहा महिन्यांत राजनीती शिकवून शहाणे करण्याची प्रतिज्ञा विष्णुशर्म्याने केली व ती शेवटास नेली, ही पंचतंत्राच्या आरंभीची कथा आमच्या बहुतेक वाचकांनी लहानपणी ऐकली असेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर चालत आलेले आज्ञापत्रही अशाच हेतूने लिहिले गेले. किल्ले कसे राखावे, साहुकारांस कसे वागवावे, सेवकांची परीक्षा कशी करावी, हे गादीवर बसणाराने आधी शिकले पाहिजे, असा त्यामागील विचार होता. राजाच्या पोटी जन्म घेतला म्हणजे राज्य करणे आपोआप येते, असे आपल्या जाणत्या पूर्वजांनी मानले नाही. पुढे राजे गेले, 1950 साली राज्यघटना अमलात आली, आणि 1988 च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणल्यापासून कॉलेजात नुकताच पाय ठेवणारा प्रत्येक मुलगा व प्रत्येक मुलगी ह्या राज्याची वारसदार झाली. परंतु ह्या कोट्यवधी राजपुत्रांचा व राजकन्यांचा विष्णुशर्मा कोठे आहे, असा प्रश्न केल्यास त्याचे उत्तर देणे जड जाईल.

नागरिकशास्त्र शाळांतून शिकविले जाते, हे आम्हांस ठाऊक नाही असे नाही. विधानसभेचे सभासद 288, उमेदवाराचे वय किमान 25, राष्ट्रपतींचे 35, विधेयकाची वाचने तीन, इतके दहावीचा विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितो. ही माहिती खोटी नाही. पण ती वाड्याच्या नकाशासारखी आहे. नकाशात दिंडी दरवाजा दाखविलेला असतो, त्याची कडी आतून कोण काढतो ते त्यात लिहिलेले नसते. विधेयकावर शेवटची सही कोणाची, हे मुलास माहीत. त्याची पहिली ओळ कोणी लिहिली, हे त्यास कोणी सांगितलेले नाही. नस्ती कोणत्या टेबलावर जन्मास येते, कार्यासन अधिकाऱ्याच्या टिपणीतील एका शब्दाने तिचे पुढील आयुष्य कसे ठरते, वित्त विभागाच्या अभिप्रायापाशी ती का अडते, विधि व न्याय विभाग तिच्यातून काय गाळतो, मंत्रिमंडळापुढे ती जाते तेव्हा किती गोष्टी आधीच ठरून गेलेल्या असतात, आणि अखेरीस शासन निर्णय म्हणून जो कागद बाहेर पडतो त्यात मूळच्या मागणीपैकी काय उरलेले असते, ह्याचा थांग पाठ्यपुस्तकातून लागत नाही. सभागृहातील कामाचीही तीच कथा. तारांकित प्रश्नाने मंत्र्यास काय कबूल करावे लागते, लक्षवेधी सूचना कोणत्या वेळी द्यावी, कपात सूचनेचा उपयोग किती, आणि मुदत संपल्यावर कोट्यवधी रुपयांच्या मागण्या चर्चेवाचून एकदम मंजूर कशा होतात, हे सारे जाणणारी माणसे आपल्यात आहेत. ती फार थोडी आहेत, इतकेच.

ती कोण आहेत, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. पुढाऱ्याच्या घरचा मुलगा ही विद्या जेवणाच्या पाटावर शिकतो. मोठ्या ठेकेदाराचा मंत्रालयात खेपा घालणारा माणूस ती जिन्यावर व बाकावर बसून शिकतो. बड्या कंपन्या ती पगार देऊन विकत घेतात. हमालाचा मुलगा, भाजीवालीची मुलगी, लहान गावातील शिक्षकाचा पोर ह्यांना मात्र मत देण्यापलीकडे काही करता येते, ह्याचाच पत्ता नसतो. आणि त्यांचे काम अडले म्हणजे ते कोणा दादासाहेबांच्या दारात चिठ्ठीसाठी उभे राहतात. एके काळी वेदविद्या थोड्या घरांत कोंडून ठेविली होती, त्याविरुद्ध ह्याच महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी आयुष्य वेचले आणि 1882 साली हंटर कमिशनपुढे बहुजनसमाजाच्या प्राथमिक शिक्षणाचे निवेदन मांडले. आज राज्यकारभाराची विद्या तशीच वंशपरंपरेची होऊन बसली आहे, आणि तिच्या भोवतीचे सोवळे कोणास खटकतही नाही.

ही विद्या महाराष्ट्रास नवी नाही. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान 50 माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता. बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो हे आधी कागदावर दाखवा, मग बोला, असा त्याचा अर्थ. 1896-97 च्या दुष्काळात ह्याच सभेच्या माणसांनी गावोगाव जाऊन सरकारच्याच फॅमिन कोडातील सवलती रयतेस समजावून दिल्या. बंड करा असे कोणी सांगितले नाही. तुमच्या हक्काचे कलम हे आहे आणि ते मागण्याची रीत ही आहे, एवढेच सांगितले. तेवढ्याने सरकारचे पित्त खवळले आणि 1897 साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. कायदा मोडणाऱ्यापेक्षा कायदा वाचून दाखविणारा अधिक त्रासदायक ठरतो, हा अनुभव त्या काळच्या नोकरशाहीपुरताच होता असे आम्हांस वाटत नाही.

गोखल्यांचे उदाहरण तर प्रत्येक कॉलेजात आकड्यांसह शिकविण्याजोगे आहे. 1902 च्या मार्चात कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले, त्या वेळी मिठावर दर मणी अडीच रुपये कर होता. तिजोरीत शिल्लक पडली म्हणून सरकार समाधानात होते. गोखल्यांनी त्याच शिलकीचा पुरावा सरकारविरुद्ध वापरला. दुष्काळाने व प्लेगने गांजलेल्या देशात वर्षानुवर्षे शिल्लक पडते, ह्याचा अर्थ प्रजा सुखी आहे असा होत नसून तिच्याकडून गरजेहून अधिक वसूल होत आहे असा होतो, हे त्यांनी सरकारी आकड्यांनीच सिद्ध केले. मागे गणेश व्यंकटेश जोशी ह्या शिक्षकाची आकडेमोड उभी होती. मतांच्या बळावर त्या मंडळात काहीच होण्यासारखे नव्हते. बहुमत सरकारी होते. तरी 1903 साली कर दोन रुपयांवर, 1905 साली दीडावर आणि 1907 साली एका रुपयावर आला. केवळ भाषणांनी तो उतरला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण तिजोरी भरलेली होती व कर उतरविणे सरकारास परवडत होते. पण कोणता कर उतरवावा, हा प्रश्न जेव्हा उभा राहिला, तेव्हा मिठाचे नाव सर्वांच्या पुढे तयार होते. ते तयार ठेवणे, हीच त्या विद्येची कमाई. विद्यार्थ्यांस पुढचे प्रकरणही सांगावे. 1923 साली मध्यवर्ती कायदेमंडळाने नाकारलेली मिठावरील करवाढ व्हाइसरॉय रीडिंग ह्यांनी आपल्या खास अधिकाराने लादली. हे गृहस्थ पूर्वी इंग्लंडचे सरन्यायाधीश होते, ही गोष्ट आमच्या धंद्यास भूषणावह नाही.

आता आमच्या व्यापारी वाचकांकडे वळतो, कारण ह्या विषयात ते विद्यार्थी नसून पंतोजी आहेत. स्थानिक संस्था कराची हकीकत त्यांना आम्ही सांगावयास नको. नाक्यावरची जकात जाऊन तिच्या जागी हिशेबावरून भरावयाचा हा कर 2010 पासून टप्प्याटप्प्याने आला, आणि 2013 च्या एप्रिलपासून पुण्यासारख्या मोठ्या महापालिकांतही लागू झाला. नोंदणी, दप्तरतपासणी व तपासनिसांचा ससेमिरा ह्यांस विरोध म्हणून बाजारपेठा दिवसेंदिवस बंद राहिल्या. निवेदने गेली, शिष्टमंडळे गेली, 2014 च्या निवडणुकीत उमेदवारांकडून वचने घेतली गेली. 2015 च्या 1 ऑगस्टपासून 50 कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा हा कर उठला, आणि 2017 च्या 1 जुलैस वस्तु व सेवा कराबरोबर उरलेला स्थानिक कर व मुंबईची जकात ही दोन्ही गेली.

ह्या एका प्रकरणात राजनीतीचा अख्खा ग्रंथ भरलेला आहे. कर महापालिकेचा, पण तो ठेवावा की काढावा हा निर्णय मंत्रालयाचा, म्हणून मोर्च्याचे तोंड पालिकेकडे न ठेवता मुंबईकडे ठेवावे लागले. दुकान बंद ठेवल्याने व्यापाऱ्याचे नुकसान रोज होते व सरकारचे उशिरा, म्हणून बंद किती दिवस ताणावा ह्याचा हिशेब नेत्यांस करावा लागला. लहान दुकानदारास नोंदणीचा जाच होता, मोठ्यास दराची चिंता होती, आणि दोघांस एका झेंड्याखाली ठेवणे हेच पुढाऱ्यांचे खरे कसब होते. हे सारे कोणत्या पुस्तकात आहे? परंतु ह्याच प्रकरणाची दुसरी बाजूही वर्गात मांडली गेली पाहिजे, आणि ती मांडताना आमच्या व्यापारी मित्रांनी राग मानू नये. ज्या कराच्या उत्पन्नावर शहरातील पाणी, गटारे, दवाखाने चालत होते तो गेल्यावर पालिकांना सरकारच्या भरपाईकडे डोळे लावून बसावे लागले. ज्याच्या हाती स्वतःचा गल्ला नाही त्याचे स्वराज्य किती, हे व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. त्या वाटाघाटींत व्यापारी होते, मंत्री होते, अधिकारी होते. नळाला पाणी येत नाही म्हणून हंडा घेऊन उभी असलेली बाई त्या खोलीत नव्हती. ती का नव्हती, तिच्या वतीने कोणी मुखत्यारपत्र का आणले नाही, हा प्रश्न ज्या विद्यार्थ्यास पडेल तो अर्धा शिकला असे आम्ही समजू.

लॉबिंग हा शब्द उच्चारताच आपल्याकडे लाचेचा वास येतो. शब्दाचा मूळ अर्थ तेवढा मलिन नाही. सभागृहाबाहेरच्या दालनात प्रतिनिधीस गाठून आपले म्हणणे त्याच्या कानी घालणे, एवढाच तो आहे. शेतकऱ्याचे शिष्टमंडळ मंत्र्यास भेटते तेव्हा तेही हेच करते. दोष कानाशी लागण्यात नसून ते गुपचूप होण्यात आहे. अमेरिकेत 1995 च्या कायद्याने अशा वकिली करणाऱ्यांस आपली नावे, अशिले व खर्च नोंदवावा लागतो. 2012 साली किरकोळ व्यापारात परकी भांडवल येऊ देण्याचा वाद येथे पेटला असता, वॉलमार्ट कंपनीने 2008 पासून सुमारे अडीच कोटी डॉलर अशा कामी खर्चिले व त्या कामांत हिंदुस्थानच्या बाजारात शिरकाव मिळविण्याचा विषयही होता, ही बातमी आपणांस कळली ती अमेरिकेच्या दप्तरातून. आपल्या संसदेत गदारोळ झाला, 2013 साली निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल ह्यांची चौकशी झाली, आणि अशा नोंदणीचा कायदा मात्र आपल्याकडे झाला नाही. आपल्या घरात कोण येऊन गेले हे शेजाऱ्याच्या वहीवरून समजावे, ह्यासारखी नामुष्की स्वतंत्र राष्ट्रास दुसरी कोणती? निवडणूक रोख्यांची 2018 ची योजना सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या 15 फेब्रुवारीस घटनाबाह्य ठरविली, तीही ह्याच कारणासाठी की कोण कोणास पैसा पुरवितो हे जाणण्याचा मतदारास हक्क आहे.

विद्यार्थ्यांस राजकारणाचे हे खोलवरचे ज्ञान देऊ नये असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांत भले लोक आहेत. त्यांची पहिली भीती अशी की मुले अभ्यास सोडून पक्षांच्या नादी लागतील. आमच्या मते गोष्ट नेमकी उलट आहे. ज्यास कारभार कळत नाही त्यासच झेंडा व घोषणा पुरेशी वाटते; ज्याने एक शासन निर्णय मुळापासून शेवटापर्यंत वाचला आहे, त्यास सभेतील गर्जनेने भुलविणे कठीण. दुसरी भीती कावेबाजपणाची. पण कायद्याच्या शाळेत उलटतपासणी शिकवितात ती खोटे बोलण्यास उत्तेजन म्हणून नव्हे. खोटे ओळखता यावे म्हणून शिकवितात. तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: शिकविणाराच पक्षाचा निघाला तर? ह्यावर पूर्ण तोडगा नाही हे आम्ही मान्य करतो. प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांचे मूळ कागद मुलांपुढे ठेवावे, आणि गुरुजींनी आपले मत शेवटच्या तासापर्यंत झाकून ठेवावे, इतके पथ्य पाळले तरी पुष्कळ साधेल.

डॉक्टर आंबेडकरांस ह्या शिक्षणाची निकड पुरती उमगली होती. 1919 साली साउथबरो कमिटीपुढे, 1928 साली सायमन कमिशनपुढे, पुढे गोलमेज परिषदेत, अशी साक्ष व वाटाघाट त्यांनी आयुष्यभर केली. आणि अखेरच्या वर्षी, 1956 च्या जुलैत, राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत स्वतंत्र शाळा काढली. पहिल्या तुकडीत विद्यार्थी अवघे 15. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉक्टर गेले आणि 1957 च्या मार्चात ती शाळाही बंद पडली. त्यांच्या पुतळ्यांस हार घालणाऱ्या पक्षांपैकी एकासही ती पुन्हा नेटाने चालवावी असे वाटले नाही, ह्याचा अर्थ वाचकांनीच लावावा.

आज जे आहे ते तुटपुंजे आहे. युवा संसदेच्या स्पर्धा 1966 पासून दिल्लीच्या शाळांत सुरू झाल्या व पुढे देशभर पसरल्या. त्यांत मुले छान कोट घालून सभापतिमहोदय म्हणतात आणि पाठ केलेली भाषणे करतात. नाटक म्हणून ते ठीक. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो, तो त्याहून पुष्कळ चांगला. पण तेथे पोहोचणारे विद्यार्थी किती, हे मोजावयास फार बोटे लागत नाहीत. दुसरीकडे ज्या गोष्टी शिकावयास हव्यात त्या डोळ्यांसमोर घडत असतात. पंधराव्या लोकसभेत शंभरांपैकी सुमारे 71 विधेयके समित्यांकडे तपासणीस गेली, सतराव्या लोकसभेत सुमारे 16. शेतीचे तीन कायदे 2020 साली आधी वटहुकमाने आले, समितीकडे न जाता मंजूर झाले, आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर 2021 साली परत घेतले गेले. कायदे बरे की वाईट हा वाद क्षणभर बाजूस ठेवू. जी चर्चा समितीच्या खोलीत व्हावयाची ती दिल्लीच्या वेशीवर थंडीत झाली, हा धडा तर कोणत्याही पक्षाच्या विद्यार्थ्यास घेता येईल. मसुदा निदान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्र सरकारने 2014 साली ठरविले आहे. मात्र ते धोरण आहे, कायदा नव्हे, आणि ह्या दोन शब्दांमधील अंतर किती हे आम्ही वकील लोक जाणतो.

उपाय काही फार खर्चाचा नाही. प्रत्येक कॉलेजाने वर्षास एक खरा निर्णय निवडावा, आपल्याच शहराचा. शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की हरकती व सूचना मागविल्या जातात; तो दिवस म्हणजे ह्या विद्येचा पोळा. मुंबईचा आराखडा 2015 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील चुका लोकांनी रस्ता न् रस्ता फिरून शोधल्या, हजारो हरकती नोंदविल्या, आणि एप्रिलात मुख्यमंत्र्यांस तो मसुदा मागे घ्यावा लागला. असे काम विद्यार्थ्यांनी आपल्या प्रभागापुरते करावे: आरक्षण कोणत्या भूखंडावर होते, कोणत्या वर्षी उठले, कोणाच्या अर्जावरून उठले. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा हाती आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे. आणि त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात, महत्त्वाचे धोरण ठरविताना सर्व वस्तुस्थिती सरकारने आपण होऊन प्रसिद्ध करावी व ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांस कारणे सांगावी, असे बंधन घातलेले आहे. हे कलम किती कार्यालये पाळतात, एवढे तपासले तरी एका सहामाहीचे काम होईल. 2022 नंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई-पुण्याच्या महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवक नसताना अंदाजपत्रके कोणी व कशी मंजूर केली, हा विषयही वाईट नाही.

ह्या वर्गांत मुलींस आग्रहाने बसवावे. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत 2011 पासून अर्ध्या जागा स्त्रियांच्या आहेत, पण सही बाईंची व कारभार पतिराजांचा, हा देखावा अद्याप अनेक ठिकाणी दिसतो. ज्या मुलीस अठराव्या वर्षी ठरावाचा मसुदा लिहिता येतो, तिच्या वतीने तिसाव्या वर्षी दुसऱ्या कोणास बोलावे लागणार नाही.

एक मागणी आमच्या वाचकांकडे आहे. स्थानिक संस्था कराच्या लढ्यातील निवेदने, सरकारची उत्तरे, बैठकींचे वृत्तांत, ही दप्तरे व्यापारी संघांच्या कपाटांत पडून आहेत. त्यांतील खासगी हिशेब काढून घेऊन बाकीचे कागद गावच्या कॉलेजास वाचावयास द्यावे, आणि त्या बैठकींस बसलेल्या दोघा-तिघा वडीलधाऱ्या मंडळींनी दोन दुपारी वर्गात येऊन मुलांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावी. मुले अडचणीचे प्रश्न विचारतील, विचारू द्यावे. गणपती उठल्यावर हे काम हाती घेतले, तर नागपूरचे अधिवेशन भरण्यापूर्वी पहिली तुकडी तयार होण्यास काही अडचण दिसत नाही.